सगळ्यात पॉवरफुल बंदूक कोणती, आणि ते नक्की मोजायचं कशावरून?

रोहित_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. होस्टेलवर या विषयावरून जोरदार वाद झालाय आणि तो काही मिटेना म्हणून इथे विचारतोय. एक मित्र म्हणतो डेझर्ट ईगल, कारण सगळ्या गेममध्ये तीच. दुसरा म्हणतो .५०० मॅग्नम रिव्हॉल्व्हर, त्याने व्हिडिओपण दाखवले, बार काढला की रिव्हॉल्व्हर उलटून थेट कपाळावर येतं. आणि मी म्हणतोय स्नायपर लोकांच्या बॅरेट .५० च्या पुढे काही नाही. नेटवर शोधलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव, कोणी वेग सांगतं, कोणी गोळीची साइज, कोणी किती विटा फुटल्या ते दाखवतं.

तर पहिला प्रश्न, पॉवर म्हणजे मोजायचं काय? दुसरा, पॉवर वाढवायची तर काडतूस मोठं करत जायचं एवढंच ना, मग लोक थांबतात कुठे आणि का थांबतात? आणि तिसरा थोडा वेगळाय, आपल्याकडे लायसनवर .३०३ रायफल मिळत नाही पण .३१५ मिळते म्हणतात, ते पॉवरमुळे आहे का? सविस्तर लिहा प्लीज, फॉर्म्युले आले तरी चालतील.

न्यूटनभक्त

रोहित, सुरुवात तुला अकरावीपासून पाठ असलेल्या फॉर्म्युल्यानेच कर, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना गोळीत किती जूल ऊर्जा आहे हा सगळ्यात सरळ आकडा, आणि "जगात सगळ्यात पॉवरफुल" असं कोणी म्हटलं की बहुतेक वेळा तोच आकडा डोक्यात असतो.

यातला वर्ग किती महत्त्वाचा आहे ते बघ. ९ एमएम पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम ५०० जूल. एके-४७ ची गोळीपण जवळजवळ ८ ग्रॅमचीच आहे, पण वेग ७१५ मीटर, म्हणजे २००० जूल. वजन तेच, वेग दुप्पट, ऊर्जा चौपट.

आता तुमच्या भांडणाकडे येऊ. मला वाटतं तुमचा निम्मा गोंधळ ".५०" या आकड्याने झालाय. तो आकडा फक्त गोळीचा व्यास सांगतो, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तुम्ही घेतलेली तिन्ही नावं या अर्ध्या इंचाचीच आहेत पण पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची लांबी बघा, डेझर्ट ईगलची ३३ मिलिमीटर, .५०० मॅग्नमची ४१ आणि बॅरेटमध्ये जातं त्या .५० बीएमजी काडतुसाची ९९. पुंगळी लांब म्हणजे आत दारू जास्त. त्यामुळे डेझर्ट ईगल साधारण २००० जूल देते, म्हणजे बरोबर एके-४७ एवढे, .५०० मॅग्नम साडेतीन हजारांच्या आसपास, आणि .५० बीएमजी १७ हजार. गोळी तेवढ्याच जाडीची, ऊर्जा आठपट. वादात तू बरोबर आहेस पण "पुढे काही नाही" हे बरोबर नाही, रशियन १४.५ एमएमचं काडतूस घे, ६४ ग्रॅमची गोळी सेकंदाला १००० मीटरने, ३२ हजार जूल. ते काडतूस १९४१ सालच्या रणगाडाविरोधी रायफलींमध्ये वापरात होतं, म्हणजे नवीन काही नाही.

आणि .५०० मॅग्नमवाल्या मित्राला हे सांग की त्याचं रिव्हॉल्व्हर २००३ साली बाजारात आलं आणि कारखान्यात नियमित बनणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते अगदी वरच्या रांगेत आहे हे खरंच आहे, पण आपल्या जवानांनी वर्षानुवर्षं वापरलेली साधी एसएलआर रायफल घेतली तरी तिची गोळी ३३०० जूलच्या घरात जाते. म्हणजे हातात मावणाऱ्या शस्त्राचं टोक जिथे येतं तिथे साधी रायफल आधीपासून उभी असते.

दारूगोळा_निवृत्त

मी सरकारी दारूगोळा कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे, त्यामुळे काडतुसाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण सर बाहेर पडलेल्या गोळीचं बोलले पण आत काय होतं ते कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

लोकांना वाटतं मोठ्या बंदुकीत दाब फार भयंकर असतो. तसं नसतं. ५.५६ एमएमचं काडतूस घ्या, ७.६२ घ्या नाहीतर १२.७ घ्या, आतला जास्तीत जास्त दाब ३७० ते ४३० मेगापास्कलच्या पट्ट्यातच फिरतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजारपट धरून चाला. का, तर पोलाद तेच आहे आणि पुंगळीचं पितळ तेच आहे. त्याच्या वर गेलं की पितळ मऊ पडल्यासारखं वाहतं, प्रायमर, म्हणजे तळातली ठिणगी देणारी टोपी, बाहेर यायला बघतो, पुंगळी चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीला, चिकटून बसते. कारखान्यात दाबाची चाचणी घेताना नेहमीपेक्षा मुद्दाम जास्त दाबाची काडतुसं नवीन नळीत उडवतात आणि मग ती पुंगळी हातात घेऊन तिचा तळ बघतात, तळावरच्या अक्षरांच्या कडा चपट्या झालेल्या दिसतात, प्रायमरची गोल कड सपाट होऊन खड्ड्याशी एकजीव झालेली असते. ते एकदा बघितलं की "थोडी दारू जास्त भरली तर काय होतंय" असं माणूस आयुष्यात बोलत नाही.

मग पॉवर येते कुठून? दाब तोच, पण तो दाब ज्याच्यावर बसतो ते क्षेत्रफळ मोठं. ५.५६ च्या गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ साधारण २५ चौरस मिलिमीटर, त्याच्यावर ४०० मेगापास्कल म्हणजे एक टनाचा ढकला. १२.७ च्या बुडाचं सव्वाशे चौरस मिलिमीटर, तिथे जवळजवळ पाच टन. आणि हा ढकला जितक्या लांब नळीत चालू राहील तितकं काम गोळीवर होतं, म्हणून नळी लांब लागते. पिस्तूल रायफलला का गाठू शकत नाही त्याचं उत्तर इथेच आहे, त्या वीतभर नळीत दारूला काम करायला जागाच नाही. मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी जो आगीचा गोळा दिसतो ना, त्यातली बरीचशी ताकद गोळीच्या काही उपयोगाची नसते.

दारूपण बदलावी लागते. ९ एमएममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा दारू नसते, ती चटकन जळणारी लागते. .५० बीएमजीत १५ ग्रॅमच्या आसपास जाते आणि ती सावकाश जळणारी, दाणे जाड, वरून लेप दिलेले, म्हणजे गोळी पुढे सरकेल तसा मागे गॅस तयार होत राहिला पाहिजे. पिस्तुलाची दारू मोठ्या पुंगळीत भरली तर गोळी हलायच्या आत दाब चढेल आणि बंदूक फुटेल.

आणि अजून एक. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू केली, १८८६ ची लेबेल रायफल तिच्यावर आली, तिथून रायफलचा वेग जो वाढला तो ८००-१००० मीटरला येऊन आजपर्यंत तिथेच आहे. सव्वाशे वर्षं होऊन गेली. गॅसलाही पसरायला वेगाची मर्यादा असते आणि वेग फार वाढवला तर नळी भराभर झिजते. त्यामुळे ऊर्जा वाढवायची तर वेगापेक्षा गोळीचं वजन वाढवणं हाच वापरातला रस्ता राहतो.

टेक्सासची_गौरी

काकांनी गोळीचं वजन वाढवायचा रस्ता सांगितला, तो रस्ता जिथे अडतो ते मी लिहिते कारण ते मी स्वतः हाताने अनुभवलंय. इथे रेंजवर भाड्याने .५०० मॅग्नम मिळतं. ते रिव्हॉल्व्हर दोन किलोचं आहे, हातात घेतल्यावर पिस्तूल वाटतच नाही, आणि रेंजवरचा माणूस पहिल्यांदा चेंबरमध्ये एकच काडतूस घालून देतो, बाकीचे चार रिकामे. मी विचारलं असं का, तर म्हणाला नवीन माणसाची पकड दणक्याने ढिली होते, मग हात आवळला जातो आणि चाप नकळत पुन्हा दाबला जातो, तेव्हा नळी वर बघत असते नाहीतर तोंडाकडे. रोहित, तुझ्या मित्राने दाखवलेले व्हिडिओ बघून हसू नका हं, त्यात खरंच माणसं मेली असती.

मला बार काढल्यावर आवाज नीट कळलाच नाही, तळहाताच्या अंगठ्याकडच्या बाजूला कोणीतरी फळी आपटल्यासारखं झालं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर होते. मनगट दोन दिवस दुखत होतं.

घरी येऊन हिशोब केला. ऊर्जेचं नाही, संवेगाचं गणित, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गोळी आणि तिच्यामागचा गॅस जितका संवेग घेऊन पुढे जातो तितकाच बंदूक मागे घेऊन येते, यातून कोणाची सुटका नाही. .५०० ची गोळी २६ ग्रॅम धरली, वेग ५००, म्हणजे १३, आणि गॅसचे साधारण ३ मिळवले तर १६ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. भागिले दोन किलो. रिव्हॉल्व्हर सेकंदाला ८ मीटरने मागे येतं! एसएलआरचं केलं तर गोळी नि गॅस मिळून साडेअकराच्या आसपास, रायफल साडेचार किलोची, म्हणजे अडीच मीटर, आणि तेही रुंद दस्त्यातून खांद्यावर. दोघांच्या गोळीची ऊर्जा जवळपास सारखी आणि दणक्यात एवढा फरक.

त्यामुळे "थांबतात कुठे" याचं माझं उत्तर आहे की माणसाच्या शरीरापाशी थांबतात. काडतूस कितीही मोठं बनवता येईल, खांदा तोच राहतो. मग एकतर बंदुकीचं वजन वाढवायचं नाहीतर गॅस आडवा वळवायचा. बॅरेटच्या तोंडावर तो बाणाच्या टोकासारखा ठोकळा असतो तो यासाठी, आतून येणारा गॅस तो बाजूला नि किंचित मागे फेकतो आणि बंदूक थोडी पुढे ओढली जाते. शिवाय तिची नळीच आतल्या आत मागे सरकते, स्प्रिंग दणका खाते. १४ किलोची बंदूक. हे काही नसतं तर त्या बंदुकीचा धक्का ऊर्जेच्या हिशोबात साध्या .३०३ च्या सहा-सातपट आला असता. पण गॅस बाजूला गेला म्हणजे नाहीसा झाला असं नाही, शेजारच्या लेनमध्ये कोणी ती चालवत असेल तर छातीत धप्प करून लागतं आणि जमिनीवर माती असेल तर पडदाच उभा राहतो.

सुभेदार_सातारा

गौरीताईंनी खांद्याचं बरोबर लिहिलंय. पण फौजेत आम्ही पॉवर नळीच्या तोंडाशी मोजत नाही, तिकडे पोचल्यावर काय उरलं ते बघतो. हलकी गोळी कितीही जोरात सोडा, हवा तिला लवकर खाते. ५.५६ ची ४ ग्रॅमची गोळी जवळ झकास आहे, पण लांबवर तिचा दम संपतो. .५० ची गोळी जड, लांबुडकी, टोकदार, ती वेग सोडायला तयार नसते, हजार मीटर गेल्यावरसुद्धा तिच्यात एसएलआरच्या तोंडापाशी असते त्यापेक्षा जास्त ऊर्जा शिल्लक असते. २०१७ साली इराकमध्ये कॅनडाच्या स्नायपरने ३५४० मीटरवरून मारलेलं लक्ष्य याच काडतुसाचं होतं.

आपल्याकडची 'विध्वंसक' नावाची रायफल ज्याला माहीत नसेल त्याने जरूर वाचावं. तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात बनते, बीएसएफकडे आहे. त्याच बंदुकीत नळी, बोल्ट, मॅगझिन बदललं की १२.७, १४.५ किंवा २० एमएम चालतं. आता यात गंमत बघा, अशा रायफलीत २० एमएमपेक्षा १४.५ ची ऊर्जा जास्त भरते. कारण तो २० एमएमचा राउंड आखूड पुंगळीचा आहे, मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानाच्या तोफेचा, वेग सातशेच्या आसपास. मग तो घ्यायचाच कशाला? तर त्या गोळ्याच्या पोटात स्फोटक भरता येतं. उभं विमान, रडार, इंधनाची टाकी, दळणवळणाची गाडी, अशा लक्ष्यावर नुसतं भोक पडून भागत नाही, आत जाऊन फुटलं पाहिजे. न्यूटनभक्त सरांच्या फॉर्म्युल्यात ही ताकद येतच नाही.

म्हणून काम काय आहे ते आधी विचारा. जर्मनांनी १९१८ ला मॉझरची १३.२ एमएमची पहिली रणगाडाविरोधी रायफल काढली, तेव्हाच्या रणगाड्यांचा पत्रा ती फोडायची, तेवढ्यासाठी ती जबरदस्त. तोंडावर गॅस वळवणारा ठोकळा नाही, स्प्रिंग नाही, सगळा दणका माणसावर. पुढे फिनलंडवाल्यांनी २० एमएमची लाहटी रायफल बनवली, पन्नास किलोच्या आसपास वजन, बर्फात ठेवायला खाली स्कीसारख्या पट्ट्या, लोक तिला हत्तीबंदूक म्हणायचे. आणि ती मैदानात येईपर्यंत रशियन रणगाड्यांचं चिलखत जाड झालं होतं, टी-३४ समोर तिचं काही चालेना, मग ती बंकरच्या फटींवर आणि गाड्यांवर वापरली. ऊर्जा तेवढीच होती, समोरचं पोलाद बदललं.

नगरी_तोफ

एवढी चर्चा झाली आणि मुलुखमैदानचं नाव कोणी घेतलं नाही? आमच्या अहमदनगरला १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमीने ओतलेली, ५५ टनांची, तोंड जवळजवळ ७० सेंटिमीटरचं, आतमध्ये माणूस बसतो. पुढे परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तिथून विजापूरला, आजपण बुरुजावर आहे, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात हत्ती चिरडलेला. पंचधातू उन्हातसुद्धा हाताला गार लागतो. जगातली सगळ्यात पॉवरफुल म्हणाल तर माझं मत तिला.

न्यूटनभक्त

@नगरी_तोफ, तोफ म्हणून तिला मुजरा आहेच, साडेचारशे वर्षांपूर्वी ५५ टन धातू एकसंध ओतणं ही साधी गोष्ट नव्हे आणि नगरकरांनी ते मिरवायलाच पाहिजे. पण इथे रेघ मारावी लागेल. तोफेचा दणका बुरुज घेतो, गाडा घेतो, माणूस घेत नाही. तोफा धरल्या तर मग १९४२ ला सेव्हास्तोपोलवर डागलेली जर्मनांची ८० सेंटिमीटरची रेल्वे तोफ येते, तिचा चिलखतफोडी गोळा सात टनांचा, आणि आपल्या चर्चेला अर्थ उरत नाही. गौरीने खांदा म्हटलंय तीच रेघ मला बरोबर वाटते, खांद्याला लावून एका माणसाने चालवायची ती बंदूक.

आणि त्या रेघेच्या आत राहून रोहितला एक नाव पाहिजेच असेल तर .९५० जेडीजे. अमेरिकेत ओहायोमध्ये जे. डी. जोन्स यांच्या एसएसके कंपनीने बनवलेली. लढाऊ विमानांच्या तोफेची २० एमएमची पुंगळी आखूड करून तिचं तोंड जवळजवळ एक इंचापर्यंत रुंद केलं. गोळी २३३ ग्रॅमची, म्हणजे एका गोळीत .५० बीएमजीच्या पाचेक गोळ्या. वेग ६७० मीटर. ५२ हजार जूल, १४.५ पेक्षाही दीडपट. अमेरिकेत अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या रायफलीला कायद्याने वेगळ्या विध्वंसक वर्गात टाकतात, हिला खेळासाठीची म्हणून सूट मिळवावी लागली.

आता काकांचं नि गौरीचं दोन्ही म्हणणं यात तपासून बघ. वेग रायफलीच्या नेहमीच्या पट्ट्यापेक्षाही खाली आहे, सगळी कमाई वजनातून. आणि गोळीचा संवेग काढ, १५६ येतो, .५० बीएमजीचा ३८. ऊर्जा तिप्पट झाली पण दणका चौपट झाला. तो सोसण्यासाठी बंदूक चाळीस ते पन्नास किलोची करावी लागली, ती खांद्याला लावता येते पण उचलून नेम धरता येत नाही, टेबलावर ठेवूनच चालवायची. अशा तीनच रायफली बनल्या. शिकारीला नेता येत नाही, फौजेला नको आहे. माझ्या मते खांद्याच्या बंदुकीची भिंत इथेच कुठेतरी आहे, काडतूस बनवणाऱ्याला पुढे जाता आलं असतं पण बंदूक धरणाऱ्याला नाही.

रोहित_मेकॅनिकल

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. संवेगाचा हिशोब मी रात्री पुन्हा करून मित्रांना दाखवणार आहे. .३०३ आणि .३१५ चं मात्र राहिलं, त्याबद्दल कोणी सांगेल का?

देवगडकर_बागायतदार

ते मी सांगतो, आमच्या घरात पीक संरक्षणाच्या लायसनवर बारा बोअरची छऱ्यांची बंदूक आहे, वानर आणि डुकरांनी बागेची वाट लावलेली असते. पॉवरचा त्याच्याशी संबंध नाही. .३०३ ची ऊर्जा ३१०० जूलच्या आसपास, .३१५ त्याच्या जवळजवळच येते, थोडीशीच कमी. पण .३०३ हे फौजेचं काडतूस होतं, तसंच ९ एमएम. लष्कराचा दारूगोळा चोरीला गेला तरी तो बाहेरच्या बंदुकीत चालू नये म्हणून इंग्रजांच्या काळापासून असे बोअर सामान्य माणसाला बंद, आणि त्याच्याऐवजी फौजेत नसलेले बोअर लायसनला दिले. .३१५ इशापूरच्या सरकारी कारखान्यातच बनते. तेच पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्यात आलं, प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोअर असे दोन भाग. त्यामुळे .३२ चं रिव्हॉल्व्हर जे लायसनवर मिळतं ते दोनशे जूलसुद्धा धड देत नाही आणि .३१५ तीन हजारांच्या आसपास, तरी दोन्ही एकाच खान्यात.

आणि गौरीताईंचा हिशोब बारा बोअरला लावून बघ रोहित. अख्ख्या शिशाच्या गोळीचं काडतूस असेल तर २८ ग्रॅम, वेग साडेचारशेच्या आसपास, म्हणजे २८०० जूल, .३०३ पेक्षा कमी. पण संवेग साडेबारा, आणि .३०३ चा साडेआठसुद्धा नाही. त्यात बारा बोअर वजनाला तीन किलोची, .३०३ चारची. आमच्याकडे नवीन माणूस बार काढायला आला की त्याला पहिलं दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट दाबून धरायला शिकवतात, दोन बोटं जरी फट राहिली तरी हाडावर बसतो आणि आठवडाभर निळा डाग राहतो. लायसनसाठी अर्ज करणार असशील तर जिल्हाधिकारी कार्यालयात जायच्या आधी सातबारा आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे गोळा करून ठेव, तिथे पहिलं तेच मागतात.